एका रविवारच्या खेळासाठी: ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ साताऱ्यात दाखवण्याची खटपट

१० ऑगस्ट २०२५, रविवार, सकाळी नऊचा खेळ. आमच्या फिल्म सोसायटीने साताऱ्यातल्या एका चित्रपटगृहात ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ हा अल्जेरियाच्या फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यावरचा १९६६ चा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवला. जिल्ह्याच्या गावी जुना परदेशी चित्रपट रीतसर दाखवायचा, म्हणजे हक्क ज्याचे त्याला पैसे देऊन आणि सगळे कागद हाताशी ठेवून, तर काय काय करावं लागतं हे सुरुवातीला मला कुणीच धड सांगू शकलं नाही. जो तो आपल्यापुरता एक तुकडा सांगायचा. ते तुकडे इथे लागोपाठ मांडते आहे. आकडे आमच्या खर्चाचे आहेत, तुमच्याकडे कमीजास्त होतील.

“पेनड्राइव्हवर मिळतो की, मग एवढा उपद्व्याप कशाला?” हे इतक्या जणांनी विचारलं की उत्तर पाठ झालं. घरी बसून बघायचा तर तुमचं तुम्ही बघा. चारचौघांना बोलावून दाखवायचा तर हक्क लागतात, परवानगी लागते, आणि चित्रपटगृहवाला कागदाशिवाय दार उघडत नाही.

चित्रपट निवडला जानेवारीत. त्याआधी, १ नोव्हेंबर २०२४ ला, अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला सत्तर वर्षं झाली आणि त्याच दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी मान्य केलं की लार्बी बेन म्हिदी या नेत्याला फ्रेंच सैनिकांनीच मारलं. १९५७ मध्ये तो फ्रेंचांच्या कोठडीत मेला, तेव्हा आत्महत्या असं जाहीर झालं होतं. चित्रपटात हा माणूस बेड्या घालून पत्रकारांसमोर उभा राहतो आणि नंतर त्याने गळफास घेतल्याचं पत्रकारांना सांगितलं जातं. १९६६ साली पडद्यावर ज्याबद्दल शंका घेतली गेली, ते सरकारने कबूल करायला २०२४ उजाडलं. ती बातमी वाचली तेव्हाच ऑगस्टचा चित्रपट माझ्यापुरता ठरला.

कार्यकारिणीत मात्र प्रश्न आला: अल्जेरियाशी आपला काय संबंध? मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये आणि अल्जेरिया जुलै १९६२ मध्ये, म्हणजे आपल्या उंबऱ्यावरची वसाहत आणि ती वसाहत जवळजवळ एकाच वेळी सुटल्या. दुसरी गोष्ट खास सातारकरांसाठी होती. चित्रपटात स्वातंत्र्यासाठी लढणारी भूमिगत संघटना, एफएलएन, अल्जिअर्स शहराच्या कसबा या जुन्या वस्तीत दारूवर बंदी घालते आणि वाड्याच्या चौकात आपल्या अधिकारात एक लग्न लावते. सरकारदरबारी नोंद नको, आमची नोंदवही आम्हाला पुरे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने आपल्या गावांत न्यायदान मंडळं चालवली, दारूचे गुत्ते बंद केले, कमी खर्चातले गांधी-विवाह लावले. ज्यांच्या घरात या आठवणी आहेत त्यांना तो लग्नाचा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. ठराव झाला. तारीख ९ ऑगस्ट, क्रांतिदिन. मग कुणीतरी दिनदर्शिका काढली तर त्या दिवशी राखीपौर्णिमा. भाऊ-बहिणींच्या दिवशी बॉम्बस्फोटांचा चित्रपट बघायला कोण येणार? म्हणून १० तारीख.

फेब्रुवारीत हक्कांचा शोध सुरू केला. जुन्या चित्रपटाचे हक्क कुणाकडे आहेत हे शोधायची सोपी वाट म्हणजे त्याच्या सर्वांत अलीकडच्या जीर्णोद्धाराची श्रेयनामावली. हा चित्रपट बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाने आणि रोमच्या इस्तितुतो लुचे-चिनेचित्ताने ४के या उच्च डिजिटल दर्जात दुरुस्त केला आणि ती प्रत २०१६ साली पुन्हा लोकांपुढे आली. त्या यादीतल्या नावांना मी पत्रं लिहिली. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तीनेक आठवड्यांनी युरोपातल्या एका कंपनीचं उत्तर आलं. पहिल्याच पत्रात तारीख, गाव, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही आणि कुठल्या स्वरूपातली प्रत हवी हे सगळं लिहून टाका. त्यातलं एक जरी राहिलं तरी पुढचा आठवडा त्याच प्रश्नोत्तरात जातो. एका खेळाचे २५० युरो ठरले. मराठी उपशीर्षकांना लेखी परवानगी मिळाली, तीही त्या एका खेळापुरती आणि चित्रावर कायमची न छापण्याच्या अटीवर.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. २५० युरो पाठवणं हेच सगळ्यात अवघड निघालं.

परदेशी कंपनीला चित्रपट दाखवण्याच्या हक्कापोटी दिलेले पैसे आयकराच्या भाषेत रॉयल्टी. २०२० पर्यंत चित्रपट प्रदर्शनाचा मोबदला त्या व्याख्येतून वगळलेला होता, आता नाही. म्हणजे २०२५ मध्ये लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम १९५ प्रमाणे पाठवणाऱ्यानेच कर कापून सरकारजमा करायचा होता. त्यासाठी संस्थेचा पॅन पुरत नाही, टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक लागतो. तेव्हा फॉर्म ४९बी होता, फी ७७ रुपये, हे काम मात्र झटपट झालं. कर किती कापायचा, तर कायद्याचा दर तेव्हा २० टक्के आणि वर उपकर, मिळून २०.८. दोन देशांमधल्या करकराराचा फायदा हवा असेल तर तिकडच्या कंपनीने आपल्या देशातल्या रहिवासाचा दाखला द्यायचा आणि आपल्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तेव्हाचा फॉर्म १०एफ भरायचा. मी तसं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि एका ओळीचं होतं: आम्हाला २५० युरो पूर्ण मिळाले पाहिजेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. मग कराचा भार आमच्यावर, आणि असा भार आपण घेतला की कर २५० वर नाही, तर कापून २५० उरतील अशा वाढीव रकमेवर मोजायचा. सुमारे ३१६ युरोंवर ६६ युरो. जुलैच्या दराने साडेसहा हजार रुपये जास्तीचे. अंदाजपत्रक मांडतानाच हे धरलं तर खजिनदारांशी वाद होत नाही.

नंतर फॉर्म १५सीए, म्हणजे परदेशी पैसे पाठवत असल्याची आयकर खात्याला द्यायची माहिती. २०२५ मध्ये वर्षाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर त्याचा भाग ‘अ’ ऑनलाइन भरला की पुरायचं, सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागत नव्हतं. पण बँकेच्या शाखेत असा व्यवहार कुणी केलेला नव्हता, आणि न केलेल्या व्यवहाराला प्रत्येक टेबल आणखी एक कागद मागतं. आमचे सीए चित्रपटवेडे. त्यांनी हे सांगणारा आयकर नियम ३७बीबी छापून, त्यावर पिवळ्या पेनाने रेघ मारून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ताई, भांडू नका, नुसता पुढे ठेवा.” ठेवला. शाखेने तो वरच्या कार्यालयाकडे पाठवला, तिकडून होकार आला, परकीय चलन पाठवण्याच्या ए२ फॉर्मवर सह्या झाल्या आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे गेले. फॉर्मवर मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार याचा रकाना असतो. तिथे ‘पाठवणारा’ निवडा, नाहीतर पलीकडे २५० ऐवजी २३० पोचतात आणि पुन्हा पत्रापत्री. सगळं शुल्क दीड हजाराच्या घरात गेलं.

हे चालू असतानाच सेन्सॉरचा कागद. या प्रतीला आपल्याकडचं प्रमाणपत्र नव्हतं. चित्रपट कायदा १९५२ च्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं, आणि फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न संस्थांना सभासदांपुरत्या, विनातिकीट खेळासाठी ही वाट मिळते. १९५९ मध्ये स्थापन झालेली ही फेडरेशन, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. आम्ही मे महिन्यात अर्ज दिला: कथासार, देश, वर्ष, कालावधी १२१ मिनिटं, जागा, तारीख, हक्कधारकाचं पत्र. कथासार लिहिताना हात जरा अडखळतो. ‘भूमिगत संघटनेतल्या तीन स्त्रिया गर्दीच्या ठिकाणी बॉम्ब ठेवतात’ हे एका ओळीत लिहिलं की भलतंच दिसतं. मी काहीही मऊ केलं नाही, फक्त पुढच्या ओळीत चित्रपटाला १९६६ साली व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाल्याचं लिहिलं. पत्र आलं जुलैच्या अखेरीस. तोवर पोटात गोळा. अटी दोन: फक्त नोंदणीकृत सभासद, आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. म्हणून ‘आयत्या वेळी येतो’ म्हणणाऱ्यांना आधीच पाचशे रुपये भरून सभासद करून घेतलं आणि खेळाच्या आठवडाभर आधी वही बंद केली. नववीतल्या मुलाला घेऊन येणाऱ्या एका बाबांना मात्र नाही म्हणावं लागलं.

आता उपशीर्षकं. मार्च ते जुलै मी बहुतेक संध्याकाळी हेच करत होते, आणि सगळ्या खटपटीत मला खरं काही मिळालं असेल तर इथे.

चित्रपट फ्रेंच आणि अरबीत आहे. हक्कधारकांनी संवादांची यादी दिली, वेळेसकट. पुण्याच्या एक फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडम दर रविवारी फोनवर बसायच्या. त्यांनी मानधन नको म्हटलं, आम्ही पाच हजार दिलेच. नियम आम्ही साधे ठेवले. एका वेळी दोनच ओळी, ओळ लांबली तर वाक्य तोडायचं. एका सेकंदात माणूस बारा-पंधरा अक्षरांपेक्षा जास्त वाचू शकत नाही. गर्दीतल्या घोषणा पहिल्यांदा द्यायच्या, पुन्हा पुन्हा नाही. बायकांचा तो जिभेने केलेला कंपित चीत्कार, जो शेवटाकडे अख्खं शहर भरून टाकतो, त्याच्याखाली काहीही लिहायचं नाही.

एकच दृश्य ओळीसाठी मागेपुढे करत राहिलं की चित्रपटाची शिवण दिसायला लागते. पहिल्यांदा पाहताना मला हा वृत्तपट वाटला होता. तारखा पडद्यावर येतात, पत्रकं क्रमांकासह वाचली जातात, निवेदकाचा आवाज कोरडा. चित्र दाणेदार, उजळ-काळं, घाईत टिपलेलं. प्रत्यक्षात त्यात वृत्तपटाचा एक फूटही नाही. अमेरिकेत तो प्रदर्शित झाला तेव्हा तशी सूचनाच सोबत द्यावी लागली होती. दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो आणि छायाचित्रकार मार्चेल्लो गात्ती यांनी तो दाणा मुद्दाम आणला, निगेटिव्हवरून पुन्हा निगेटिव्ह काढून. गर्दी लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपली, त्यामुळे अंतर चेपतं, माणसं एकमेकांवर लोटल्यासारखी दिसतात आणि मध्येच कुणाचा तरी खांदा चित्र अडवतो. तो खांदा कॅमेरा टाळत नाही. स्टुडिओतल्या चित्रपटात तो खांदा बाजूला झाला असता.

आणि माणसं. फ्रेंच पॅराट्रूपरांचा प्रमुख कर्नल मॅथ्यू याची भूमिका करणारा ज्याँ मार्तँ सोडला तर व्यावसायिक नट कुणी नाही. चित्रपटाचा नायक अली ला पॉइंट झालेला ब्राहीम हज्जाज याने आधी कधी अभिनय केलेला नव्हता. संघटनेचा म्होरक्या जाफर झालेला यासेफ सादी तर खरोखरच अल्जिअर्समधल्या लढ्याचा म्होरक्या. १९५७ च्या सप्टेंबरात पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली, फ्रान्सचे नेते दि गॉल यांनी ती माफ केली. तुरुंगात त्याने आठवणी लिहिल्या, त्यातूनच चित्रपट निघाला, आणि निर्मात्यांतही तो होता. चित्रीकरण १९६५ चं, त्याच कसबात, स्वातंत्र्याला तीन वर्षं झालेली असताना. रस्त्यावर धावणारी माणसं जे करून दाखवत होती ते त्यांनी आठ वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं. कुठलंही भिंग यापुढे काय करणार?

पण हेच उलटूनही पाहायला हवं. आपलीच गोष्ट सांगणारा निर्माता आणि त्यात स्वतःचीच भूमिका, म्हणजे ही साक्ष एका बाजूची आहे. एफएलएन आणि मेसाली हाज या दुसऱ्या अल्जेरियन नेत्याच्या अनुयायांमधली रक्तरंजित भाऊबंदकी चित्रपटात नाही. बायका बॉम्ब नेतात, पण बोलतात फार थोडं. माझ्या यादीत त्यांच्या वाट्याला किती कमी ओळी येतात ते पाहून मी चकित झाले. आरशासमोर केस कापून त्या युरोपीय पोशाख चढवतात, त्या प्रसंगात तर फक्त तालवाद्यं वाजतात, संवाद जवळपास नाहीच. ते दृश्य म्हणूनच विलक्षण आहे हे खरं, आणि त्या गप्पच आहेत हेही खरं. ज्याला आपण ‘डॉक्युमेंटरीसारखं’ म्हणतो त्यात पोंतेकोर्वो आणि एन्नियो मोरिकोने यांचं संगीत सतत वाजत असतं, हेही उपशीर्षकं करेपर्यंत माझ्या कानांनी वेगळं नोंदवलं नव्हतं.

चित्रपटाचा प्रामाणिकपणा मला सापडला तो दुसरीकडेच. ३० सप्टेंबर १९५६ च्या स्फोटांचा प्रसंग. बॉम्ब ठेवणारी ती तरुणी आजूबाजूला बघते आणि कॅमेरा तिच्यासोबत एकेक चेहरा बघतो. नाचणारी पोरं, गप्पा मारणारी माणसं, आइस्क्रीम चाटणारं एक लहान मूल. हे सगळे फ्रेंच, आणि हे सगळे आता मरू शकतात. त्याआधी कसबातल्या र्‍यू द थेब या गल्लीत पोलिसांतल्याच मंडळींनी ठेवलेल्या बॉम्बने गाडले गेलेले मुसलमान आपण पाहिलेले असतात. दोन्हीकडच्या मृतांवर संगीत तेच आहे. बाजू घेतलेला चित्रपट एवढं करतो, यासाठी मी तो दाखवायला निघाले होते हे मला तिथे कळलं.

जुलैत जागेचा प्रश्न. सांस्कृतिक भवन स्वस्त पडतं, पण महाराष्ट्रात चित्रपट दाखवायच्या जागेला वेगळा परवाना लागतो. म्हणून सरळ चित्रपटगृहच घ्या, सकाळचा खेळ, त्यांच्या पहिल्या खेळाआधी. आम्हाला १४,००० पडले, वातानुकूलन धरून. साडेअकराला दार रिकामं करायचं या अटीवर. १२१ मिनिटांचा चित्रपट, त्यावर चर्चा, आणि लोकांना चहाही हवा, म्हणजे नऊ म्हणजे नऊ.

प्रत आली ती दुव्यावरून उतरवून घ्यायची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या यंत्रावर चालणारी डिजिटल प्रत. आकार इतका की सीएंच्या ऑफिसातलं फायबर रात्रभर चालू ठेवलं. ती चित्रपटगृहाच्या सर्व्हरला वाचता यावी म्हणून लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीने तयार केलेली डिस्क लागते. साध्या विंडोज डिस्कवर नेली तर काही यंत्रं ओळखतात, काही नाही. शिवाय फाइल कुलूपबंद असते. तिची किल्ली, केडीएम, त्याच सर्व्हरच्या क्रमांकावर आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. बहुतेक कंपन्या फक्त खेळाच्या दिवसाची देतात. तुम्ही आग्रहाने दोन दिवस आधीपासूनची मागा, नाहीतर चाचणी करताच येत नाही. आमची शुक्रवारपासूनची होती. शुक्रवारी रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर ऑपरेटर मामांनी ती चढवली, दहा मिनिटं बघितली आणि म्हणाले, “प्रिंट खराब आहे का ओ?” ४के दर्जाच्या दुरुस्तीनंतरही पोंतेकोर्वोचा दाणा शाबूत होता तर.

मराठी ओळी पडद्याखाली दुसऱ्या प्रोजेक्टरने दाखवल्या. महोत्सवांत हीच पद्धत असते. पडद्याच्या खालच्या कडेला काळा पट्टा बांधायचा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि लॅपटॉपवर एक माणूस प्रत्येक ओळीला कळ दाबत बसतो. भाड्याचा प्रोजेक्टर आणि स्टँड तीन हजार. देवनागरीसाठी एक सांगते: उपशीर्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात. आम्ही प्रत्येक ओळीची स्लाइड करून तिचं चित्र बनवलं, मग फुटायला काही उरत नाही. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवा. तिथून पट्टा वाचायला मान मोडते.

पोलीस ठाण्यात ५ ऑगस्टला गेले. ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस कायद्याच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतातच. बंद जागेतल्या खेळाला त्याची आडकाठी नसते, पण माहितीचं पत्र देऊन पोच घेतलेली बरी. साहेबांनी सूटपत्र नीट वाचलं.

“मॅडम, यात बॉम्ब कसा ठेवायचा ते दाखवलंय?”

“ठेवतात, साहेब. बनवायचा कसा ते शिकवत नाहीत.”

“मग लोकांनी यातून काय घ्यायचं?”

मी त्यांना सांगितलं की २००३ च्या ऑगस्टमध्ये, इराकमध्ये सैन्य घुसल्यानंतर, अमेरिकेच्या पेंटागॉनने, म्हणजे संरक्षण खात्याने, हाच चित्रपट आपल्या अधिकाऱ्यांना मुद्दाम दाखवला होता. चित्रपटातले पॅराट्रूपर छळ करून, एकेक दुवा पकडत संघटनेचं जाळं उखडतात, लढाई जिंकतात, आणि देश गमावतात. साहेबांनी पोचेवर शिक्का मारला. “रविवारी ड्यूटी आहे, नाहीतर आलो असतो,” म्हणाले. खरंच आले असते असं मला वाटतं.

रविवारी पाऊस होता तरी पाऊणएक सभागृह भरलं. मी खाली कोपऱ्यात लॅपटॉपवर. पहिली दहा मिनिटं बोटं थरथरत होती, कारण चित्रपटाची सुरुवातच छळ सोसून कबुली दिलेल्या माणसापासून होते आणि तिथे ओळी भराभर येतात. पुढे हात बसला. कळ दाबणाऱ्याला चित्रपट बघायला मिळत नाही, त्याला फक्त ओठ दिसतात. पण मागची माणसं ऐकू येतात. आइस्क्रीमवाल्या मुलाच्या वेळी एक बाई “अगं बाई” म्हणाल्या, तेवढंच.

सूचना आधी द्यायची की नंतर, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. वृत्तपटाचा एक फूट नाही हे पत्रकात छापलं तर लोक सावध होऊन बघतील, नाही छापलं तर फसवल्यासारखं होईल. शेवटी चर्चेत सांगायचं ठरलं. डिसेंबर १९६० ची निदर्शनं, ज्यात धुरातून लोक झेंडे घेऊन येतात, तो भाग खरा चित्रित केलेला ना, असं पहिल्याच प्रश्नात एका गृहस्थांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते जरा रागावले. “मग आम्ही काय बघितलं?” एका कॉलेजच्या मुलीने त्यांना उत्तर दिलं की खरं वाटावं म्हणून सगळं केलंय, पण खोटं सांगावं म्हणून नाही. ते म्हणाले, खोटं सांगणाऱ्यालाही हेच तंत्र जमेल की. दोघांचं बरोबर होतं, आणि मी मध्ये पडले नाही.

कुंडलकडचे एक आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांना ते लग्न आवडलं होतं. त्यांच्या आत्याचं लग्न असंच लागलं, म्हणाले, हारांचा आणि चहाचा खर्च, बाकी काही नाही. मग त्यांनी विचारलं की सुरुवातीच्या त्या छळ झालेल्या माणसाचं, ज्याने अली लपलेलं घर दाखवलं, पुढे काय झालं? फितूर म्हणून त्याला कुणी मारलं का? चित्रपट ते सांगत नाही. आमच्याकडे अशांना काय केलं ते आम्हाला माहीत आहे, असं म्हणून ते थांबले. त्यावर बोलायला अजून तासभर हवा होता आणि चित्रपटगृहाचा माणूस दारात उभा होता. चर्चेसाठी वेगळी खोली आधीच सांगून ठेवा. आम्ही उरलेली चर्चा समोरच्या हॉटेलात चहावर केली, पण निम्मी माणसं तोवर पांगली होती.

सगळा खर्च साठ हजारांच्या जवळ गेला. निम्मा वर्गणीतून, उरलेला तिघा देणगीदारांकडून. त्यांची नावं पत्रकात छापली, पडद्यावर नाही. तेवढं त्यांनीच सांगितलं होतं. हक्कधारकांना उपस्थितीचा आकडा आणि मराठी ओळींची प्रत पाठवली, सर्व्हरवरून फाइल पुसल्याचं पत्र मामांकडून सही करून घेतलं.

आणि खेळ झाला म्हणजे संपलं असं नाही. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा असतो, म्हणजे आमचा ७ ऑगस्टला, ऐन गडबडीत. त्यानंतर त्या तिमाहीचं विवरणपत्र, तेव्हाचा फॉर्म २७क्यू, ३१ ऑक्टोबरपर्यंत. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. तोवर सगळे पुढच्या चित्रपटावर भांडत असतात, म्हणून हे काम ज्याच्याकडे द्यायचं त्याचं नाव खेळाआधीच ठरवून टाका.